महत्त्वाच्या ठिकाणांची यादी

माझं दुकान जिल्हा न्यायालयाच्या बाजूच्या गल्लीत आहे. दुकान म्हणजे एक अरुंद खोली, संगणक, प्रिंटर, झेरॉक्सचं मशीन आणि भिंतीला टेकवलेला लाकडी बाक. पूर्वी मी टायपिंगच्या इन्स्टिट्यूटमध्ये शिकवायचो, म्हणून लोक अजून मास्तर म्हणतात. शिकवणं सुटून पंचवीस वर्षं झाली, पण ते बिरुद काही सुटलं नाही.

इतकी वर्षं लोकांची गाऱ्हाणी टाईप करून माझं एक मत पक्कं झालं आहे. माणसाला स्वतःचं गाऱ्हाणं सांगता येत नाही. बांध कोरल्याची तक्रार घेऊन आलेला माणूस चुलत्याच्या लग्नातल्या भांडणापासून सुरुवात करतो आणि अर्ध्या तासानं बांधावर येतो. त्यातून विषय, संदर्भ आणि 'महोदय' काढणं हे माझं काम. कोणी म्हणालं, "साहेब, लई हाल व्हायलेत," की मी लिहितो, 'अर्जदारास अतोनात त्रास सहन करावा लागत आहे.' माणूस ते वाचतो आणि त्याचा चेहरा खुलतो. मला या कामाचा गर्व होता. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं सगळं त्या गर्वातून झालं.

भाऊ माझ्याकडे दर आठवड्याला यायचे. वाळूजच्या कंपनीतून निवृत्त झालेले, बौद्ध समाजातले, तरुणपणापासून चळवळीत. त्यांची चळवळ म्हणजे मोर्चे कमी आणि अर्ज जास्त. हातपंप, शिष्यवृत्ती, स्मशानाचा रस्ता, कोणाची तरी अडकलेली पेन्शन. प्रत्येक अर्ज तीन प्रतींत. एक कार्यालयाला, दुसरीवर पोच म्हणून शिक्का घ्यायचा, तिसरी जास्तीची असावी म्हणून. शिक्का मारल्याशिवाय ते आवकच्या खिडकीसमोरून हलायचे नाहीत. जेवणाची सुट्टी झाली तर तिथंच उभे राहून सुट्टी संपायची वाट पाहायचे. घटनेनं अर्ज करायचा हक्क दिला आहे आणि शिक्का म्हणजे त्या हक्काची पावती, असं ते मला शंभरदा तरी ऐकवून गेले असतील. दारातूनच "जय भीम, मास्तर" म्हणायचे. मी मराठ्याच्या घरातला, बिडकीनकडचा. मी "नमस्कार, भाऊ" म्हणायचो. आमचं वर्षानुवर्षं असंच चाललं होतं आणि दोघांनाही त्यात काही वावगं वाटत नव्हतं.

एकदा सकाळी ते एका म्हाताऱ्या बाईला घेऊन आले. करमाडची बाई. तिचा एकुलता एक मुलगा शेंद्र्याच्या एका कंपनीत कामाला होता. तिथं असतानाच त्याचं डोकं बिघडलं. आधी बोलणं कमी झालं, मग कामावर जाणं बंद झालं, आणि एक दिवस तो करमाड स्टेशनावरून गाडीत बसून निघून गेला. त्याला नऊ वर्षं झाली होती. आता दिल्लीहून पोलिसांमार्फत एक कागद आला होता. पाकिस्तानातल्या एका तुरुंगात एक वेडसर कैदी आहे. पंजाबच्या बाजूनं हद्द ओलांडून गेलेला. नाव सांगत नाही. एकदा 'करमाड' एवढंच म्हणाला. हा तुमच्याकडचा आहे का, ते कळवा.

नांदेडहून अमृतसरला जाणारी गाडी आपल्या शहरावरूनच जाते. कशात तरी बसून तो तिथवर पोचला असणार, असा सगळ्यांचा अंदाज होता. कागदावरचा फोटो मात्र इतका पुसट होता की तो कोणाचाही असू शकला असता. चौकशीला आलेल्या हवालदाराला बाईनं सांगितलं, माझाच आहे. हवालदारानं लिहिलं, ओळख पटत नाही. त्याचंही चूक म्हणता येणार नाही. आईच्या 'माझाच आहे'ला पुरावा काय?

ती बाई आमच्या समाजातली. तिच्या भावकीनं तिला केव्हाच सांगून टाकलं होतं की त्याच्या नावानं पाणी सोड आणि मोकळी हो. तिच्यासाठी कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवणारे होते ते एकटे भाऊ. मला याची तेव्हा थोडी लाज वाटली होती, पण मी ती फार वेळ वाटू दिली नाही.

मुंबईच्या कुणा वकिलाकडून भाऊंनी पाकिस्तानातल्या एका माणसाचा नंबर मिळवला. निवृत्त शाळामास्तर, तुरुंगात जाऊन वेड्या-बेवारस कैद्यांची विचारपूस करणारा. तो कागदावर उर्दूत पत्र लिहायचा आणि त्याचा फोटो काढून पाठवायचा. शेजारच्या टेबलावर एक म्हातारे अर्जनवीस बसतात, त्यांना सगळे चाचा म्हणतात. उर्दू त्यांना येतं. ते पत्र वाचून दाखवायचे. एका पत्रात त्यानं लिहिलं की मुलगा कोणाशी बोलत नाही, पण त्याला गावाचे, घराचे, आईचे फोटो दाखवले तर काही ओळखेल. ओळखलं तर तुरुंगाच्या डॉक्टरकडून तसं लिहून घेतो. मग तुमच्या सरकारलाही नाही म्हणता येणार नाही.

भाऊ करमाडला गेले आणि फोनवर अकरा फोटो काढून आले. ते पाठवण्याआधी त्यांनी काय करावं? पोलीस ठाण्याला अर्ज द्यायचं ठरवलं. अमुक कैद्याची ओळख पटवण्यासाठी अमुक व्यक्तीला अमुक छायाचित्रं पाठवत आहे, माहितीस्तव सादर. मी म्हणालो, "भाऊ, कशाला झोपलेल्यांना उठवता? पाठवून द्या गुपचूप."

"गुपचूप कामून? लपवलं की मग चोरी व्हते. उघड केलं की अर्ज व्हतो."

मग ते बाकावर बसून सांगू लागले आणि मी टाईप करू लागलो. अर्ज झाला. शेवटी फोटोंची यादी जोडायची होती. भाऊ म्हणाले, "वर लिवा, पोराच्या वळखीच्या जागा. पयली त्याची आई. मग घर. मग दारातला शेवगा. मग गल्ली, शाळा, मारुती, बाजार, ठेसन, रोडवरचा फाटा, कंपनीची बस थांबती ती जागा, कंपनीचं गेट."

'पोराच्या ओळखीच्या जागा' हे शब्द सरकारी कागदावर मला बघवेनात. मी वर टाईप केलं, 'परिशिष्ट अ : महत्त्वाच्या ठिकाणांची यादी'. क्रमही मला गावंढळ वाटला. सरकारी यादीत सार्वजनिक गोष्टी आधी येतात, खाजगी नंतर. म्हणून मी पहिलं केलं करमाड रेल्वे स्थानक, दुसरं शेंद्र्याच्या कंपनीचं प्रवेशद्वार, तिसरा जालना रोडवरचा फाटा. असं करत करत घर दहाव्या क्रमांकावर गेलं आणि आई अकराव्या. 'कैद्याची माता' असं मी तिला केलं.

भाऊंनी कागद हातात घेतला. "हे काय केलं, मास्तर? आईला पार शेवटाला नेऊन बसवलं."

"हापिसात असंच लागतं," मी म्हणालो.

त्यांनी सही केली. तिन्ही प्रतींवर. ठाण्यात पोच घेतली आणि त्याच संध्याकाळी फोटो पाठवून दिले.

त्यानंतर दीडेक महिन्यात सीमेवर पेटलं. आधी हल्ला, मग विमानं, मग रात्रंदिवस बातम्या. आपल्या शहरातही भोंगे वाजवून सराव झाला. चौकात पोरं घोषणा देत होती, आणि चहाच्या टपरीवरसुद्धा लोक नकाशे काढून एकमेकांना लढाई समजावत होते. आमच्या गल्लीत चाचांनी आठवडाभर टेबल लावलं नाही. कोणी त्यांना काही म्हणालं नव्हतं. ते आपले आलेच नाहीत. त्याच दिवसांत कोणाला तरी आवकच्या फायलीतला तो अर्ज आठवला असणार. एका सकाळी पोलीस भाऊंच्या घरी गेले आणि त्यांना, त्यांच्या फोनला आणि अर्जांच्या सगळ्या फायलींना घेऊन आले. शत्रूराष्ट्रातल्या व्यक्तीशी संपर्क, संवेदनशील स्थळांची माहिती पुरवणे, असा गुन्हा लागला.

दुसऱ्या दिवशी पेपरात बातमी होती. मोठ्या टाईपात माझा मथळा. 'महत्त्वाच्या ठिकाणांची यादी सीमेपार'. खाली यादीतली पहिली तीन नावं, माझ्याच क्रमानं, आणि त्यापुढे 'इत्यादी'. मी दुकानात चहा पीत बातमी वाचली. लाजिरवाणी गोष्ट आहे, पण 'महत्त्वाच्या'मधले दोन्ही त बरोबर छापलेत, हे मी आधी पाहिलं. मग उरलेला चहा तसाच ठेवून ती तीन नावं पुन्हा वाचली.

मला जबाबाला बोलावलं. अधिकारी सभ्य होता. खुर्ची दिली, चहा मागवला. यादी माझ्यापुढे ठेवून विचारलं, "हे तुम्ही टाईप केलं?"

"हो."

"मजकूर कोणाचा?"

आमच्या धंद्यात या प्रश्नाला एकच उत्तर असतं. इन्स्टिट्यूटमध्ये मीच मुलांना शिकवलेलं. मी म्हणालो, "साहेब, आम्ही सांगितलं तेच टाईप करतो. आमचं स्वतःचं काही नसतं."

हवालदारानं ते एका बोटानं टाईप करून घेतलं. त्याला वेलांट्या सापडत नव्हत्या आणि मला राहवत नव्हतं. दहा मिनिटांत मी मोकळा झालो. घरी येऊन बायकोला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "बरं केलंत." मग भाकरी थापता थापता म्हणाली, "पण तुम्ही तर सगळ्यांचं बदलून लिहिता ना?" मी ऐकू न आल्यासारखं केलं.

भाऊ हर्सूलच्या तुरुंगात गेले. त्यांच्या वकील एक बाई होत्या, तरुण, धडाडीच्या. त्यांचं टायपिंग माझ्याकडेच यायचं. म्हणजे भाऊंच्या जामिनाचे अर्ज मीच टाईप केले. दोनदा जामीन फेटाळला गेला. दोन्ही निकालांत मथळा अवतरणचिन्हांत उद्धृत केलेला होता. आरोपीनं स्वतःच या ठिकाणांना महत्त्वाची म्हटलं आहे आणि रेल्वे स्थानकाला पहिलं स्थान दिलं आहे, असं न्यायाधीशांनी नमूद केलं होतं. त्या निकालांच्या झेरॉक्सही मीच काढल्या.

दुसऱ्यांदा जामीन फेटाळल्यावर वकील बाई वैतागल्या होत्या. म्हणाल्या, "मी त्यांना तीनदा विचारलं, हा मथळा तुम्हाला कसा सुचला? तुम्ही असे शब्द वापरत नाही. तर म्हणतात, सही माझी हाय, मजकूर बी माझाच."

मी प्रिंटरमध्ये कागद भरत होतो. तो भरलेलाच होता.

म्हणजे भाऊंना ठाऊक होतं आणि ते माझं नाव घेत नव्हते. हे कळल्यावर एखादा माणूस उठून थेट कोर्टात गेला असता. मी गेलो नाही. मी स्वतःला समजावलं की वेळ आली की बोलू. की आता बोललो तर मलाही आत टाकतील आणि भाऊ सुटणार नाहीतच. की मथळा बदलल्यानं काय होतं, फोटो तर पाठवलेच होते. माझ्याजवळ कारणांची कमी नव्हती. घाबरलेल्या माणसाला कारणं फार भराभर सुचतात, टाईप करण्याच्या वेगानं.

म्हातारी दर सोमवारी यायची. करमाडहून बसनं, दहा-साडेदहाला. बाकावर बसायची. चहा दिला तर नको म्हणायची. तिला खटल्यातलं काही कळत नव्हतं. तिचे प्रश्न दोनच होते.

"भाऊ कवा येत्याल?"

"तारीख आहे, मावशी."

"आन् माझ्या पोराचा कागूद?"

तो कागद अडकला होता. पडताळणीच्या कार्यालयात मी तिच्यातर्फे दोनदा विचारून आलो. फोटो आणि यादी आता खटल्यातला पुरावा आहे, प्रकरण न्यायप्रविष्ट आहे, निकाल लागेपर्यंत आम्ही अभिप्राय देऊ शकत नाही, असं सांगण्यात आलं. मी तिला सांगितलं, "थोडा वेळ लागेल." ती म्हणाली, "लागू दे. नऊ वर्सं लागलीच की." माझ्यासमोर तिनं हिशेब करायला नको होता, पण तिनं बोटांवर मोजलं आणि म्हणाली, "आता धा."

चाचा आता पुन्हा बसू लागले होते. त्यांचाही जबाब झाला होता. मी फक्त वाचून दाखवतो, असं त्यांनी सांगितलं होतं, आणि ते खरं होतं. एका सोमवारी म्हातारी गेल्यावर ते आपलं स्टूल ओढून माझ्या दारात आले.

"मास्टर, वो दिन यादी के वखत भाऊ क्या बोले थे, मेरेकू याद है. बाजूमेंच बैठा था मैं."

मी कीबोर्डवरची धूळ पुसू लागलो.

"तुमकू बी याद है," ते म्हणाले. "मेरे बोलने से क्या होता? मैं बोलूँगा तो लोगाँ बोलेंगे, देखो, इनोच आया बचाने को. तुम बोलो."

त्यांनी स्टूल उचललं आणि परत आपल्या टेबलाकडे नेलं. पुढचे दोन दिवस मी त्यांच्यावर चिडलेलो होतो. त्यांनी जे म्हटलं त्यात चूक शोधून सापडत नव्हती, म्हणून जास्तच.

भाऊ आत गेल्याला चौदा महिने झाले तेव्हा साक्षी सुरू झाल्या. मी सरकारी साक्षीदार क्रमांक दोन. कोर्टात मी हजारदा गेलेलो आहे, पण पिंजऱ्यात कधी उभा राहिलो नव्हतो. तिथून सगळं उलटं दिसतं. भाऊ मागच्या बाजूला पोलिसांमध्ये बसले होते. वजन बरंच उतरलं होतं. शर्ट मात्र इस्त्रीचा होता. तुरुंगात इस्त्री कुठून मिळाली, असा विचार माझ्या डोक्यात आला.

सरकारी वकिलांनी यादी दाखवली. टाईप तुम्ही केली? हो. आरोपीनं सांगितल्याप्रमाणे? इथं नुसतं 'हो' म्हणायचं होतं. जबाबात तसंच होतं.

"नाही," मी म्हणालो. "नावं त्यांनी सांगितली. मथळा माझा आहे. क्रमही माझा."

वकिलांना वाटलं, मला प्रश्न कळला नाही. त्यांनी पुन्हा विचारलं. मी पुन्हा सांगितलं. मग त्यांनी मला फितूर घोषित करायची परवानगी मागितली. कायद्यातला शब्दच तो, त्यात काही नवल नाही. पण आयुष्यभर तो शब्द दुसऱ्यांसाठी टाईप केल्यावर आपल्याला लागला की कसंतरी होतं. परवानगी मिळाली आणि ते माझ्यावर तुटून पडले. पोलिसांना वेगळं का सांगितलंत? आरोपीच्या लोकांनी काही दिलं? धमकावलं?

"घाबरलो होतो," मी म्हणालो. "पोलिसांना सांगितलं तेव्हा."

न्यायाधीश लघुलेखकाला साक्ष सांगू लागले, "साक्षीदाराचे म्हणणे असे की, जबाबाच्या वेळी तो दडपणाखाली होता."

वाक्य चांगलं होतं. मीही तसंच लिहिलं असतं. त्यात माझी सोयही होती, कारण दडपण म्हटलं की दोष दुसऱ्याकडे जातो. मी म्हणालो, "साहेब, दडपण कोणी आणलं नव्हतं. चहा पाजला होता. मी आपला घाबरलो."

मागे कोणीतरी हसलं. न्यायाधीशांनी माझ्याकडे चष्म्यावरून पाहिलं आणि लघुलेखकाला म्हणाले, "'घाबरला होता' लिहा."

मग वकील बाईंनी विचारलं, आरोपीनं मुळात काय सांगितलं होतं? मी भाऊंचे शब्द सांगितले. पोराच्या वळखीच्या जागा, पयली त्याची आई, मग घर, मग शेवगा. अकराही, ओळीनं. मला ती यादी पाठ होती. चौदा महिने मी ती रोज मनात म्हणत होतो. भाऊ खाली बघत होते. मी बाहेर आलो आणि पायरीवर बसलो. शूर वगैरे काही वाटलं नाही. फार उशीर केला, एवढंच वाटत होतं.

माझ्यावर कारवाई होईल असं सगळे म्हणत होते. खोटा जबाब दिल्याबद्दल नोटीस आली, तिचं काय होतं ते अजून चालू आहे. पण महिनाभरात भाऊंना जामीन झाला. खटला संपलेला नाही. अटी तीन : दर सोमवारी ठाण्यात हजेरी, स्मार्टफोन वापरायचा नाही, आणि तिकडच्या कोणत्याही व्यक्तीशी स्वतः किंवा दुसऱ्यामार्फत संपर्क करायचा नाही.

भाऊ पहिल्या हजेरीनंतर दुकानात आले. "जय भीम, मास्तर."

मी उठून उभा राहिलो. काय बोलायचं ते ठरवून ठेवलं होतं, ते सगळं राहिलं. म्हणालो, "तुम्ही का नाही सांगितलं? वकील बाई विचारत होत्या."

"तुमचं नाव घेतलं असतं तर तुम्ही बी आत. मग हितं कोण बसलं असतं? लोकांचे अर्ज कोणी लिवले असते?" ते बाकावर बसले. रुमालानं मान पुसली. थोड्या वेळानं म्हणाले, "पर चौदा महिनं लई व्हत्यात, मास्तर."

"हो," मी म्हणालो. त्यांनी माफ केलं का, ते मी विचारलं नाही. विचारायचा मला अधिकार नव्हता असं मला अजून वाटतं.

सोमवारच होता, म्हातारी आलीच. भाऊंना बघून तिनं त्यांच्या तोंडावरून हात फिरवला आणि बोटं कडाकडा मोडली. मग बसली आणि लगेच मुद्द्यावर आली. "आता लिवा तिकडच्या त्या मास्तरला. इचारा, पोरानं फोटू बघितले का."

भाऊंनी तिला अटी समजावून सांगितल्या. तिनं सगळं ऐकून घेतलं. "मग कोण लिवणार?" ती म्हणाली, आणि माझ्याकडे बघितलं.

भाऊ उठले. "मी जरा भाईर थांबतो," म्हणाले. "मला हे ऐकायला बी नको. अट हाय." आणि खरोखर गल्लीच्या तोंडाशी, आमचं बोलणं ऐकू येणार नाही इतक्या लांब जाऊन, पाठ करून उभे राहिले. अट मोडायची नाही म्हणजे नाही.

तिला मी त्या दिवशी हो म्हणालो नाही. बघतो म्हणालो. मंगळवार, बुधवार बघण्यातच गेले. नंबर आरोपपत्रात होता आणि आरोपपत्राची प्रत माझ्याच कपाटात. गुरुवारी दुपारी दुकानाचं शटर अर्धं ओढून मी माझ्या फोनवरून लिहायला बसलो. पहिला मसुदा 'महोदय'नं सुरू झाला. तो पुसला. मग मोडक्यातोडक्या हिंदीत लिहिलं की मी टायपिस्ट आहे, भाऊ आता लिहू शकत नाहीत, आई विचारते आहे. पाठवल्यावर दोन तास माझं एकाही अर्जात लक्ष लागलं नाही. रस्त्यावर जीप थांबली की मी शटरखालून वाकून बघायचो.

शनिवारी उत्तर आलं. तसंच, हातानं लिहिलेल्या पत्राचा फोटो. चाचांनी टेबल सोडून माझ्या दुकानात येऊन हळू आवाजात वाचलं. फोटो दाखवायची परवानगी मिळायला दोन महिने गेले, मग दाखवले. मी भाऊंना कळवलं, पण तोवर तुमच्याकडून आवाजच बंद झाला होता. मुलगा जिवंत आहे, खातो-पितो. डॉक्टरनं लिहून दिलं, तो कागद इथल्या कार्यालयातून गेला. तुमच्याकडून पडताळणी यायची आहे, त्यावर सगळं थांबलं आहे. बाकीचे फोटो त्यानं नुसते उलटले. एकच त्यानं हातात धरून ठेवला. स्टेशनचा. त्यावर बोट ठेवून 'करमाड' म्हणाला, आणि गाडी कितीला आहे, असं विचारलं.

चाचांनी पत्र वाचून संपवलं आणि फोन माझ्या हातात दिला.

सोमवारी म्हातारी आली. मी तिला बाकावर बसवलं आणि पत्रात होतं तसं सांगितलं. जिवंत आहे. खातो-पितो. एक फोटो ओळखला.

"कोन्ता?"

"स्टेशनचा."

"व्हय," ती म्हणाली. "तिथूनच तर गेला." मग विचारलं, "घर नाय?"

"नाही."

"माझा फोटू व्हता ना त्यात?"

तुमच्या फोटोकडे बराच वेळ बघत होता, हे वाक्य माझ्या तोंडात तयार होतं. पूर्ण, शुद्ध, कानाला गोड. कोणाला कळलं नसतं.

"होता," मी म्हणालो. "तो नाही ओळखला."

तिनं पदर सारखा केला. बाहेर गल्लीतून एक वकील पक्षकारावर ओरडत गेला, त्याच्याकडे तिनं पाहिलं. मग म्हणाली, "त्यो गेला तवा माझी केसं काळी व्हती, दादा. त्याला तरी कसं कळावं?"

ती बाकावर पुढे सरकली.

"घरी एक जुना हाय. त्याचं जावळ काढलं तवाचा. मांडीवर घेऊन बसले मी." तिनं माझ्याकडे सरळ बघितलं. "त्यो धाडता येईल का? का त्याचा बी गुन्हा व्हतो?"

"होतो," मी म्हणालो. "उद्या घेऊन या."